सातव्या सिलिंडरची भिंत

अभिमन वना बिऱ्हाडे याने सातव्या सिलिंडरबद्दल एकोणचाळीस वर्षे कोणालाच काही का सांगितले नाही? त्याच्या बायकोने हा प्रश्न त्याला दोनदा विचारला, पुण्याहून आलेल्या तपासनीस बाईने एकदा; आणि ही हकिकत लिहिणाऱ्यालाही त्याचे उत्तर देता आलेले नाही. भीती होती म्हणावे, तर ज्याची भीती वाटावी तो माणूस वीस वर्षांपूर्वीच मातीआड झाला होता. लाज होती म्हणावे, तर आपल्या इतर चुका अभिमन चहाच्या टपरीवर स्वतःच रंगवून सांगे आणि लोकांना हसवे. जे घडले ते क्रमाने मांडता येते. त्यामागचे कारण ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर ठरवावे.

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे, टायरवाले आणि रेडिएटरवाले यांच्या ओळीत, पत्र्याच्या छपराखाली अभिमनचे बोअरिंगचे दुकान होते. पिस्टन वर्षानुवर्षे वरखाली होऊन इंजिनाचा सिलिंडर झिजतो, त्याची गोलाई बिघडते, गाडी धूर ओकू लागते. तो सिलिंडर आतून पुन्हा नेमका गोल कातून द्यायचा, हे बोअरिंग. या धंद्यात माप ‘थाऊ’त बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस दोन-तीन थाऊ भरतो. अभिमनचे बोट सिलिंडरमधून एकदा फिरले की कुठे दोन थाऊंचा उतार आहे ते तो सांगे, आणि मायक्रोमीटर मागाहून होकार देई. परंतु २०२३ साली या बोटाला गिऱ्हाईक उरले नव्हते. मोटारसायकलचा सिलिंडर कोणी कातून घेईना, नवाच आणून बसवत. रिक्षा बॅटरीवर जाऊ लागल्या होत्या. आठवड्याकाठी एखाद्या ट्रॅक्टरचे इंजिन येई. उरलेला वेळ अभिमन मशीन पुसण्यात घालवी.

“पुशीपुशी झिजाडी टाकशात तुम्ही तिले,” डबा ठेवताना त्याची बायको भिकुबाई म्हणे, “मंग त्या मशीनलेच बोअर करनं पडी.”

फेब्रुवारी महिन्यात या दुकानापुढे प्रेमराजशेठची मोटार थांबली. प्रेमराज हा जळगावचा डाळमिलवाला. त्याच्याबरोबर तिशीतली एक स्त्री होती, खांद्याला पिशवी आणि हातात छोटी बॅटरी. प्राची तिचे नाव. यंत्र अभियांत्रिकी शिकलेली ही बाई पुण्याहून येऊन जुन्या मोटारी तपासते आणि त्यांचे कागद तयार करते, असे प्रेमराजने सांगितले. तपासायची मोटार कोणती हे अभिमनला सांगावे लागले नाही. अख्ख्या खान्देशात तशी दुसरी नव्हती.

ती प्लिमथ डस्टर होती, १९७० सालची, अमेरिकेत घडलेली, शेंदरी रंगाची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. प्रेमराजचे वडील रुपचंदशेठ यांनी ती १९७९ साली दिल्लीत, परदेशी वकिलातींच्या गाड्यांच्या सरकारी लिलावात घेतली होती. डाळमिलच्या धुरळ्यातून ती निघाली की मुनीम हातातली लेखणी ठेवून बघत राहत. पुढे तिच्यातून किती नवरदेव मिरवले याची गणती नाही.

“डस्टर म्हणजे डस्टर,” प्रेमराज म्हणाला. “बाबा म्हणायचे, यात एकच इंजिन येतं, वाघ!”

“तसं नाही, शेठ,” प्राची हसली. “हीच गाडी, हाच पत्रा, पण इंजिन गिऱ्हाईक निवडायचा. पोस्टमनला, शाळामास्तरला परवडेल असं सहा सिलिंडरचं, बोनटखाली तिरकं झोपवलेलं. घरगृहस्थीवाल्याला आठ सिलिंडरचं ३१८. आणि ज्यांना सिग्नल सुटल्यावर शेजारच्याला धूळ चारायची असायची त्यांना ३४०. छोट्या, स्वस्त गाडीत मोठं इंजिन, हीच तर त्या पिढीची मस्ती. आकडा म्हणजे आठही सिलिंडरांचं मिळून घनफळ, घन इंचात. गंमत अशी की ३१८ आणि ३४० मध्ये पिस्टन वरखाली धावतो ते अंतर सारखंच. फरक फक्त सिलिंडरच्या रुंदीत.”

“एकशेतीस थाऊ,” अभिमन म्हणाला.

प्राचीने त्याच्याकडे वळून पाहिले. “बरोबर. तुम्हाला कसं माहीत, काका?”

अभिमनने उलट विचारले, “यात कुठलं होतं ते आता कसं कळणार? कागद तर रुपचंदशेठबरोबर गेले.”

“कागद नको. काचेखाली नंबराची पट्टी आहे. तिचं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. या गाडीचं ‘एच’ आहे. एच म्हणजे ३४०. बोनट उघडायचीही गरज नाही.”

“म्हणजे आमच्याकडे आडनाव वाचतात तसं.”

प्रेमराज खोकला. प्राची हसली नाही आणि तिने नजरही वळवली नाही.

त्यांचे काम असे होते. कोइमतूरच्या एका संग्राहकाला डस्टर हवी होती, पण पट्टीवर जसे अक्षर तसे पोटात इंजिन पाहिजे, ही त्याची अट. मिलच्या शेडमध्ये इंजिन उतरवून उघडले तर प्रत्येक सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून ठोकलेली बिडाची पातळ नळी, सापडली आणि रुंदी भरली ३१८ ची. कागदावर वाघ, पोटात बैल. प्रेमराजला एवढेच आठवत होते की १९८४ साली धुळ्याच्या नथ्थू मिस्त्रीने हे इंजिन वाचवले होते. तो मिस्त्री वारला. त्याच्या हाताखालचा कोणी जळगावात आहे असे कळले म्हणून ते इथवर आले होते.

“वाचवलं नथ्थू मिस्त्रीनं नाही,” अभिमन म्हणाला. “मी.”

“बाबा तर नेहमी—”

“शेठ, तुमचे बाबा पाटी वाचून बोलायचे. मॅडम, ब्लॉकच्या वरच्या सपाटीवर प्रत्येक सिलिंडरपाशी पंचानं आकडे मारलेत. तुमच्याकडे फोटो असतील. बघा.” आणि त्याने डोळे मिटून आठही मापे म्हणून दाखवली, पहिल्यापासून आठव्यापर्यंत, प्रत्येकाचा शेवटचा थाऊ वेगळा. प्राची मोबाइलवरचे फोटो सरकवत गेली. आठवे माप जुळल्यावर तिने मोबाइल खाली ठेवला आणि पिशवीतून वही काढली.

“पूर्ण नाव सांगा, काका.”

त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याच्या कामासाठी त्याचे पूर्ण नाव लिहून घेणारी ती पहिली. वडिलांचे नाव सांगण्याआधी तो पाणी प्यायला.

आता १९८४ कडे जावे लागेल. अभिमन साक्री तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावचा. आयटीआयचा टर्नरचा दाखला घेऊन तो धुळ्यात आग्रा रोडवरच्या नथ्थू मिस्त्रीच्या कारखान्यात लागला तेव्हा वीस वर्षांचा होता. नथ्थू जातीने लोहार, कामात सिंह, बोलण्यात पाल. दाखला त्याने उलटसुलट करून पाहिला आणि अभिमनला डिझेलच्या हौदावर बसवले. सुटे भाग धुवायचे, ग्रीस खरवडायची, संध्याकाळी हात कोपरापर्यंत काळे घेऊन घरी जायचे. तीन वर्षे हौद. बोअरिंग मशीन चार पावलांवर होते.

“मशीनवर बसाले पिढ्या लागतस रे, अभिमन्या,” नथ्थू म्हणायचा. “कागदवर हात बसत नही.”

मग नथ्थूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. मायक्रोमीटरवरच्या रेघा त्याला दिसेनात, आणि ही गोष्ट आग्रा रोडवर कळली असती तर ट्रकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी समोरचा कारखाना गाठला असता. हौदावरच्या पोराला मापे वाचता येतात हे त्याला ठाऊक होते. त्याने अभिमनला मशीनपाशी उभे केले, आकडा हळूच कानात सांगायला. सहा महिन्यांत कानात सांगणारा हात फिरवू लागला. गिऱ्हाईक आले की नथ्थू मशीनच्या दांड्याला हात लावून उभा राही आणि अभिमन पुन्हा हौदाकडे सरके. दोघांचे एकमेकांवाचून चालेना. म्हणून दोघांनाही एकमेकांचा राग होता.

त्या उन्हाळ्यात रुपचंदशेठची डस्टर दोरखंडाने ओढत धुळ्यात आली. ३४० चे इंजिन भारी पेट्रोलवर जगणारे. आपल्याकडच्या त्या वेळच्या पेट्रोलवर ते पाच वर्षे ठोके खात चालले आणि शेवटी दोन पिस्टन फुटले. ३४० चे पिस्टन देशात कुठेच नव्हते. नथ्थूसकट सगळ्यांनी एकच सल्ला दिला: हे भंगारात टाका आणि ट्रकचे डिझेल इंजिन बसवा. तेव्हाच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांचे असेच झाले होते. रुपचंदशेठ मान हलवत बाहेर निघाले, तेव्हा हौदावरून आवाज आला.

“३१८ चे पिस्टन मुंबईत मिळतीन. आठीस सिलिंडरमा स्लीव्ह टाकूत. वाघले बैलना दात बसाडी देऊत.”

कारखाना हसला. रुपचंदशेठ हसले नाहीत. “कोन करी?”

नथ्थूने क्षणभर अभिमनकडे पाहिले आणि म्हणाला, “मी करसू, शेठ.”

काम अवघड होते. स्लीव्ह बसण्यासाठी आधी मूळ सिलिंडर साठ थाऊ मोठा कातायचा. म्हणजे मागे, पाणी फिरते त्या पोकळीपर्यंत, भिंत अगदी पातळ उरणार. शिवाय आग्रा रोडला ठाऊक असलेली इंजिने सरळ, एका रांगेत सिलिंडर असलेली. या इंजिनाच्या दोन रांगा दोन बाजूंना झुकलेल्या, एकीत विषम आकड्यांचे सिलिंडर, दुसरीत सम. असा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा अख्खा ओतीव ठोकळा, मशीनखाली तिरका धरायला खास घोडी लागते. ती धुळ्यात कोणाकडे नव्हती. अभिमनने मोडक्या बैलगाडीच्या साटीचे सागवान आणले, त्याच्या पाचरी तासल्या आणि त्यांवर ब्लॉक तोलला. लाकडावर लोखंड तोलून थाऊत काम करायचे, हे धाडस ज्याला घोडी विकत घेता येत नाही तोच करतो.

पहिला, तिसरा, पाचवा सिलिंडर साफ उतरला. सातवा रांगेतला शेवटचा. मे महिना, नथ्थू भाचीच्या लग्नाला नंदुरबारला गेलेला. तीन दिवस थंडाव्यासाठी ओतलेले रॉकेल पिऊन एक पाचर आतून मऊ पडली होती. ब्लॉक केसभर कलला. कातताना आवाज बदलला. अभिमनने मशीन थांबवले, कापडाने भुकटी पुसली आणि बोट फिरवले. तळापासून चार बोटे वर, नखाच्या चंद्राएवढ्या जागेत, बोटाला काहीच लागले नाही. भिंत संपून पाण्याची पोकळी सुरू झाली होती.

नथ्थू परत यायला दीड दिवस होता.

सांगितले तर काय होईल हे त्याला पाठ होते. हौद. आणि केवळ त्याच्यापुरता हौद नव्हे. ‘त्यांच्यातला एक बसवला होता मशीनवर, काय झालं पाहा’ हे वाक्य आग्रा रोडवर पुढची वीस वर्षे चालले असते. त्याने पाचर बदलली. चंद्राभोवती अॅराल्डाइट हा कडक होणारा गोंद लावला, स्लीव्हच्या बाहेरूनही लावला. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून स्लीव्ह गार केल्या. ब्लॉक धुळ्याच्या उन्हाने फुकट तापवून दिला होता. आकसलेली स्लीव्ह आत सरकली आणि गच्च बसली. चंद्र झाकला गेला. त्याने सपाटीवर माप पंचाने मारले आणि पलीकडच्या रांगेच्या तयारीला लागला.

इंजिन चालू झाले तेव्हा आग्रा रोडवरची माणसे काम टाकून आली. ३१८ च्या कमी दाबाच्या पिस्टनांना आपले पेट्रोल मानवले, ठोके गेले, थोडी थरथर तेवढी राहिली. रुपचंदशेठनी नथ्थूच्या खांद्यावर शाल घातली. अभिमनच्या ओंजळीत पेढा वरून टाकला. पुढच्या महिन्यात कारखान्यावर पाटी लागली: ‘अमेरिकन आठ सिलिंडर इंजिनाचे तज्ज्ञ’. पण हौदावर दुसरा मुलगा आला आणि अभिमन दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकांसमोर, मशीनवर बसू लागला. नव्वदच्या दशकात त्याने जळगावात स्वतःचे दुकान टाकले. डस्टर मधूनमधून रस्त्यात दिसायची. तिच्या मागून पांढरी वाफ निघते का, हे तो मान वळवून, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहायचा. वाफ कधी निघाली नाही.

मार्चमध्ये प्राचीने तयार केलेल्या फाइलचे एक पान त्याच्याकडे पाठवले. ‘१९८४, धुळे. आठही सिलिंडरांना स्लीव्ह बसवून हे इंजिन वाचवणारे कारागीर: अभिमन वना बिऱ्हाडे. योग्य साधनांच्या अभावी केलेले हे काम अचूकतेच्या दृष्टीने असामान्य आहे.’ भिकुबाईने ते पान दोनदा वाचायला लावले आणि बुद्धमूर्तीच्या फडताळात, फळी पुसून, उभे करून ठेवले.

“आते मरनं तरी चालई,” ती म्हणाली.

“चूप बठ,” तो इतक्या जोरात म्हणाला की ती दचकली.

पानाबरोबर निरोप होता: साठ थाऊ मोठे ३४० चे पिस्टन अमेरिकेहून आले आहेत, स्लीव्ह काढल्या की मूळ सिलिंडरमध्ये नेमके बसतील, आणि ज्या हाताने स्लीव्ह बसवल्या त्यानेच त्या काढाव्यात, अशी प्राचीची इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी तो मिलवर गेला. प्रेमराज तूरडाळीच्या पोत्यांपाशी उभा होता; प्राची ब्लॉकवर वाकलेली.

“स्लीव्ह काढू नका,” अभिमन म्हणाला.

“का हो, अभिमनभाऊ?” प्रेमराजने पोत्यातली डाळ हातात घेऊन फुंकली. “लेक सासरी दिली, आता जावयाला म्हणता हात लावू नको? चाळीस वर्षं सांभाळली आम्ही.”

“भिंती पातळ आहेत, शेठ.”

“किती?” प्राचीने विचारले. “काका, माझ्याकडे भिंतीची जाडी मोजायचा मीटर आहे, पण स्लीव्ह आत असेपर्यंत तो मागची भिंत दाखवत नाही. ती भिंत शेवटची पाहिलेले तुम्हीच. तुम्ही म्हणालात नको, तर मी कोइमतूरला कळवते, इंजिन आहे तसं घ्या नाहीतर राहू द्या.”

“म्हणजे सौदा मोडायचा?” प्रेमराज म्हणाला. “आणि फाइलमध्ये लिहिलंय ना असामान्य काम? मग असामान्य कामाखालची भिंत पडते कशी? एक तर काम चांगलं, नाही तर भिंत खराब. दोन्ही कसं?”

अभिमनने तोंड उघडले. सातवा, एवढा एकच शब्द पुरला असता. तो शब्द म्हटला की फडताळातले पान खोटे पडत होते आणि भिकुबाईला ते तिथून काढावे लागत होते.

“काही आहे का, काका, जे मला माहीत असायला हवं?” प्राचीने हलक्या आवाजात विचारले. “पातळ आहे, पण उभी आहे ना?”

“उभी आहे,” अभिमन म्हणाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लॉक त्याच्या दुकानात आला. या वेळी ब्लॉक तिरका धरायला प्राचीने पुण्याहून पोलादी घोडी आणली होती. जुनी स्लीव्ह काढायची रीत अशी की ती आतून कातत कातत कागदासारखी पातळ करायची. मग ती स्वतःच सैल पडते आणि सालपटासारखी निघते. सम आकड्यांची रांग त्याने आधी घेतली. चार सालपटे निघाली, आणि मागे मूळ सिलिंडर, त्याच्या तरुणपणी कातलेले, अजून चमकदार. प्राचीने मीटर लावला, आकडे लिहिले, आणि मान डोलावली. “काका, ही भिंत सगळीकडे सारखी आहे. लाकडी पाचरींवर!” पलीकडच्या रांगेतला पहिला, तिसरा, पाचवा. प्रेमराज स्टुलावर बसून उसाचा रस पीत होता. जेवणाची सुट्टी झाली, प्रेमराज बाहेर गेला. अभिमन जेवला नाही. डबा तसाच ठेवून तो ब्लॉकपाशी उभा राहिला. त्या अर्ध्या तासात दुकानात प्राची होती, समोर होती, एकटी होती, आणि दोनदा त्याच्याकडे पाहून हसली.

सुट्टी संपल्यावर त्याने सातव्यावर मशीनचा कातणारा बार उतरवला. स्लीव्ह कागदासारखी झाली, पण सैल पडेना. चाळीस वर्षांपूर्वीच्या गोंदाने ती धरून ठेवली होती. बाकीच्या सात निघाल्या, हिला काय झाले, असे प्राचीने विचारायच्या आत त्याने छिन्नी घातली आणि हातोडीने हलकेच मारले. सालपट उचकटले. टक् असा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा.

प्राचीने बॅटरी मारली. तळापासून चार बोटे वर काळा चंद्र होता आणि त्याच्या टोकापासून एक चीर निघून थेट वरच्या सपाटीपर्यंत गेली होती. बिडाची चीर सांधत नाही. सांधली तर इंजिनाच्या तापाने पुन्हा उघडते. तिघांनाही ते सांगावे लागले नाही.

“हे आत्ताचं, की तेव्हाचं?” प्राचीने विचारले.

“आत्ताचं,” अभिमन म्हणाला. “सगळं आत्ताचं. हात हलला.”

प्रेमराजच्या हातातला पेला स्टुलावर आपटला. “हात हलला? एवढ्या इंजिनावर? वय झालंय तर सांगायचं होतं! नथ्थू मिस्त्री असते तर हे झालं नसतं. बाबा उगाच त्यांचं नाव घेत नव्हते. कोणाच्याही हातात द्यायचं नसतं, हेच खरं.” ‘कोणाच्याही’ या शब्दावर त्याने किती जोर दिला हे त्याचे त्यालाही कळले नसेल. तो मोटारीत जाऊन बसला.

प्राची तिथेच राहिली. तिने चंद्राच्या कडेवरून नख फिरवले आणि प्रकाशात धरले. नखाखाली पिवळट, कडक झालेला गोंद होता. चंद्राच्या कडा गंजाने खाल्लेल्या होत्या.

“काका, गंज एका दिवसात चढत नाही.”

तो छिन्नी पुसू लागला.

“मी आधी विचारलं होतं. माहीत असतं तर ब्लॉक तापवून घेतला असता. गोंद सुटला असता, चीर गेली नसती. चंद्रावर तुम्ही लावली तशीच नवी स्लीव्ह लावता आली असती. इंजिन राहिलं असतं. का नाही सांगितलंत?”

“फायलीत आत्ताचंच लिहा, मॅडम,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचा हात हलला, असं लिहा. चौऱ्याऐंशीच्या त्या पोराला राहू द्या.”

“मला दिसतं ते लिहावं लागतं,” प्राची म्हणाली. तिने घोडी सोडवली आणि पिशवी उचलून ती निघाली.

तिने दिसले तेच लिहिले. सुधारलेल्या फाइलमध्ये ‘असामान्य’ हा शब्द राहिला नाही. ‘सातव्या सिलिंडरच्या भिंतीतील छिद्र १९८४ च्या कामातील असून ते त्या वेळी गोंद व स्लीव्ह यांनी झाकण्यात आले होते. कारागीर: अभिमन वना बिऱ्हाडे.’ नाव पूर्ण होते, वडिलांच्या नावासह. प्रेमराजने फाइलचे पहिले पान सोडून काही वाचले नाही. त्याच्या तोंडून जळगावात पसरली ती दुसरी गोष्ट, की नथ्थू मिस्त्रीने वाचवलेले इंजिन चौफुलीवरच्या म्हाताऱ्याने एका दिवसात फोडले. कागदावर तरुण अभिमन दोषी ठरला आणि बाजारात म्हातारा. दोन्हींपैकी एक खोटे होते म्हणून दुसऱ्यात त्याला सवलत मिळाली, असे काही झाले नाही. ट्रॅक्टरवाले यायचे थांबले.

भिकुबाईने फडताळातले पान काढले नाही. तिला वाचता येत नव्हते. नवे पान आले आहे हे तिला शेजारच्या मुलीकडून कळले. रात्री भाकरी वाढताना तिने पहिल्यांदा विचारले, “काबर नही सांगं? माले तरी?” त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. महिन्याभराने, उन्हात दारापुढे बसलेल्या त्याला तिने पुन्हा विचारले. या वेळी तो बोलला, पण ते उत्तर नव्हते.

“पेढा वरतून टाका व्हता त्यास्नी,” तो म्हणाला. “तरी गोड लागना.”

कोइमतूरचा सौदा मोडला. डस्टरमध्ये मुंबईहून आणलेले ३१८ चे इंजिन बसवण्यात आले, आणि १९ जानेवारी २०२५ रोजी ती इंदूरच्या एका हॉटेलमालकाने विकत घेतली.